खो-खोचे मैदान आणि शाळेचा पट

आपल्या जिल्ह्यातील मुली शाळा का सोडतात, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर मिळते : पालकांना मुलींच्या शिक्षणाची कदर नाही. मला ते पटत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. मुलगी नकोशी मानणारा हा मुलूख नव्हे. उलट घराला ती फार हवी असते, आणि अडचण तिथेच आहे. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची आणि पाऊस लागला की धानाची रोवणी. रोवणी हे तर बायकांचेच काम. जितके हात असतील तितके थोडे.

मी सालेकसा तालुक्यातील एका लहान गावची. गावात शाळा सातवीपर्यंत. २०११ साली आठवीसाठी मी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जाऊ लागले. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच साथ देतो, आणि आमच्याकडे गळती सुरू होते ती नेमकी त्याच सुमारास. त्या वर्षी रोवणीत मी पंधरा दिवस शाळेत गेले नाही. हजेरीपटावर खुणा झाल्या, एवढेच. वर्ग माझ्यावाचून चालला होता आणि मी परतलेच नसते तरी चाललाच असता.

पुढच्या वर्षी खेळाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी मुलींचा खो-खोचा संघ उभारला. या खेळाला लागते काय? दोन खांब, थोडी फक्की आणि मोकळी जागा. आठ जणी एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसतात, नववी धावते. बारा जणींच्या संघात तिघी राखीव. चौथी गैरहजर राहिली की खेळ अडला! वर्गात जे कधी घडले नव्हते ते मैदानावर घडले. माझ्या नसण्याने कोणाचे तरी काही अडू लागले.

रोवणीच्या दिवसांत मी पुन्हा घरी बसले तेव्हा बाई स्वतः आल्या नाहीत. त्यांनी मुलींना पाठवले. सहा जणी आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. माय म्हणाली, "एक पोरगी नाही आली तं तुमचा खेळच होत नाही का वो?" "नाही होत, काकू." माय म्हणाली, "मंग माह्या बांधीत कोण रोवन?" यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. पण रविवारी सारा संघच आमच्या बांधीत उतरला. वाकून बसायची सवय होतीच म्हणा! पुढच्या रविवारी आम्ही दुसरीच्या शेतात गेलो. गावाचा पाठिंबा म्हणतात तो आम्हाला सभेत मिळाला नाही. तो असा चिखलात मिळाला. सराव संपेपर्यंत एस.टी. निघून जाई, तेव्हा ज्यांच्या शेतात आम्ही रोवले होते ते बाप पाळीपाळीने सायकली घेऊन येऊ लागले. पोशाखावरून कुरबूर झाली, ती सलवारीवर मिटली.

साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर लहानपणी खो-खोच खेळत असे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. ही नावे मुलींना अवश्य सांगावीत. परंतु आमचा संघ तालुक्यापुढे कधी गेला नाही आणि तरीही बारापैकी दहा जणी दहावी झाल्या.

उरलेल्या दोघींपैकी एकीने घरच्या आजारपणामुळे शाळा सोडली. दुसरी आमच्यातली सर्वांत चपळ. २०१३ च्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, वय सोळा. वास्तविक १९७८ पासून कायद्याने वय अठरा आहे. पण त्या मे महिन्यात शाळा बंद, सराव बंद, आम्ही सगळ्या पहाटेपासून तेंदूच्या जंगलात. पत्रिका हाती आली तेव्हाच आम्हाला कळले. रोवणीच्या वेळी माझ्या अंगणात सहा जणी आल्या होत्या. तिच्या अंगणात एकही गेली नाही. मीही नाही.

लग्ने उन्हाळ्यात ठरतात आणि उन्हाळ्यातच संघ मोडलेला असतो, हे मला फार उशिरा सुचले. आज मी महाविद्यालयात शिकवते. येत्या मे महिन्यात पाने आणून झाल्यावर, उन्हे कलली की, गावच्या मैदानावर मुलींना जमवायचे ठरवले आहे. एक खांब वाळवीने खाल्ला आहे, तो बदलावा लागेल. फक्कीचे पैसे द्यायला सरपंचबाई कबूल झाल्या आहेत. मुलींच्या यादीत आतापर्यंत नऊ नावे आहेत; राखीव तिघी अजून मिळायच्या आहेत.