घाटातील रूळ : घर्षण आणि वंगण

मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कर्जतनंतर बोरघाट चढू लागतो. नाशिककडे जाणारा मार्ग कसाऱ्यानंतर थळघाटात शिरतो. पहिला घाटमार्ग १८६३ मध्ये व दुसरा १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दोन्ही ठिकाणी कमाल चढ दर ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. मोटारीच्या रस्त्यावर या चढाचे कोणाला काही वाटणार नाही. पोलादी रुळावरील पोलादी चाकाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

चाक आणि रूळ यांचा प्रत्यक्ष स्पर्श बोटाच्या नखाएवढ्याच जागेवर होतो. तेथील घर्षणावरच गाडीचे ओढले जाणे व थांबणे अवलंबून असते. या घर्षणाचे मान ‘घर्षणांका’ने सांगतात : एकमेकांवर टेकलेले पृष्ठभाग घसरू लागण्यास लागणारे बल भागिले त्यांवरील दाब. १,००० टन वजनाची गाडी या चढावर नेण्यास, इतर विरोध सोडला तरी, सुमारे २७ टनांची ओढ लागते. १२० टनांच्या इंजिनाखाली घर्षणांक ०.२५ असेल, तर ३० टनांची ओढ मिळू शकते. तो ०.१५ वर उतरला की १८ टनच मिळते. मग इंजिनात शक्ती कितीही असो, चाके जागीच फिरू लागतात. म्हणूनच कर्जत व कसारा येथून चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून बँकर इंजिने लावतात आणि चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय ठेवतात. मुसळधार पावसापेक्षा रिमझिम अधिक त्रासदायक, हे ऐकून नवल वाटेल; परंतु जोराचा पाऊस रूळ धुऊन काढतो, तर थोड्या पाण्यात गंजाची व धुळीची निसरडी राबडी होते.

उतरताना तर प्रश्न अधिकच गंभीर. ब्रेक केवळ चाकाला रोखतो. गाडीला रोखते ते चाक व रूळ यांमधील घर्षण. ते अपुरे असले, तर चाक थांबते आणि गाडी घसरत राहते.

असे असताना रुळाला वंगण लावतात तरी कशासाठी? याचे उत्तर वळणावर मिळते. वळणात चाकाची उभी कड बाहेरच्या रुळाच्या आतील बाजूस घासत जाते. येथे घर्षण निरुपयोगीच नव्हे, तर घातक असते. रूळ व चाक दोन्ही झिजतात आणि घर्षण फार वाढल्यास कड रुळावर चढून डबा घसरण्याचा धोका वाढतो. याकरिता वळणाच्या तोंडाशी वंगणयंत्र बसवितात. चाक जाताना ते थोडे ग्रीस सोडते आणि पुढची चाकेच ते वळणभर वाहून नेतात. काही ठिकाणी हे काम हातानेच होते.

अशा रीतीने एकाच रुळाच्या माथ्यावर घर्षण हवे असते आणि काही सेंटिमीटर खाली, बाजूला, ते नको असते. माथ्यावर घर्षणांक ०.३ च्या आसपास आणि बाजूला ०.२५ हून कमी असावा, असा साधारण दंडक आहे. डोळ्यांनी हे अंक दिसत नाहीत. अनुभवी कीमन रुळाच्या बाजूवरून बोट फिरवून किंवा स्लीपरवर पडलेला चकचकीत लोखंडी चुरा पाहून कोरडेपणा ओळखतो, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. मात्र ग्रीस वळणात किती अंतरापर्यंत पोचले, हे मोजूनच कळते.

त्यासाठी ट्रायबोमीटर नावाचे उपकरण वापरतात. त्याचा एक प्रकार माणूस चालत रुळावरून ढकलत नेतो. त्यातील लहान चाक ठरावीक दाबाने रुळावर टेकलेले असते. त्याला हळूहळू ब्रेक लावीत गेले, की एका क्षणी ते घसरू लागते. त्या क्षणीचे बल भागिले दाब, हाच तेथील घर्षणांक. माथ्यावर आणि बाजूवर अशी स्वतंत्र मोजणी करीत वळण पार केले, की वंगणाचा नकाशाच हाती येतो. बाजूचा अंक जेथे एकाएकी वाढतो, तेथे ग्रीस पोचलेले नसते. माथ्याचा अंक जेथे पडतो, तेथे ते वर चढलेले असते. तेव्हा यंत्राचा पुरवठा कमी करून रुळाचा माथा पुसून घ्यावा लागतो आणि त्या जागी पुन्हा मोजणी करावी लागते.