अश्वशक्ती की हलकेपणा?

प्रश्न : मी मिशिगनमध्ये नोकरी करतो. वापरलेली, दोन दारांची वेगवान गाडी घ्यावयाची आहे. मस्टँगचे चार सिलिंडरांचे इंजिन घ्यावे, आठ सिलिंडरांचे घ्यावे, की टोयोटा जीआर ८६ घ्यावी?

उत्तर : २०१८ ते २०२३ या काळातील मस्टँगच्या २.३ लिटर टर्बो इंजिनाची ३१० अश्वशक्ती आणि जीआर ८६ च्या २.४ लिटर इंजिनाची २२८, यांतील अंतर कागदावर मोठे दिसत असले, तरी दुसरी गाडी पहिलीहून तीनशे किलोंहून अधिक हलकी असल्यामुळे, स्टिअरिंग फिरवताक्षणी ती ज्या तत्परतेने वळण घेते, ती तत्परता जड गाडीला केवळ शक्तीच्या बळावर साध्य होत नाही. शिवाय तिच्या इंजिनाचे सिलिंडर आडवे, समोरासमोर असल्याने गुरुत्वमध्यही खाली राहतो. आणि आधीच्या २ लिटर इंजिनाचा ४००० फेऱ्यांच्या आसपास जो दम तुटत असे, तो दोष या इंजिनात बहुतांशी दूर झाला आहे. माझा कौल निःसंशय हिलाच.

मात्र आपला बहुतेक प्रवास सरळ महामार्गाचा असेल, तर कमी फेऱ्यांतच जोर देणारे मस्टँगचे टर्बो इंजिन अधिक सुखावह ठरेल. हाताने गिअर बदलण्याची हौस असल्यास २०२३ पर्यंतचीच गाडी पाहावी, कारण पुढे या इंजिनासोबत केवळ स्वयंचलित गिअरच मिळतो. आठ सिलिंडरांचा मोह, इंधन आणि टायरांचा जमाखर्च मांडून, तूर्त आवरावा. बयाणा देण्यापूर्वी विम्याच्या हप्त्याचा आकडा लेखी मागवावा, आणि या सर्व गाड्या मागील चाकांनी चालणाऱ्या असल्याने चारही हिवाळी टायरांची तरतूद याच अंदाजपत्रकात करावी.