मंत्रचळ आणि बालपणीचा घाव

आमच्या डिचोलीकडच्या घरात माझी एक आत्या असे. रात्री दाराची कडी लावली तरी ती पुन्हा पाहायला जाई. सात वेळा मोजून झाल्याखेरीज तिला झोप येत नसे. "तिचा मंत्रचळ चाललाय," म्हणून सारे हसत. मीही हसे. मानसशास्त्र शिकू लागल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली.

मंत्रचळाला शास्त्रात कल्पना-क्रिया अनिवार्यता म्हणतात. नकोसा विचार मनात घुसतो, भीती दाटते आणि ती शमवण्यासाठी एखादी कृती पुनःपुन्हा करावीच लागते. कृतीने घटकाभर बरे वाटते, पण त्यामुळेच ती सवय घट्ट होते. असे विचार निरोगी माणसांनाही येतात, हे रॅकमन व डी सिल्वा यांनी १९७८ साली दाखवून दिले.

मग फरक कोठे पडतो? बऱ्याच अंशी भावना हाताळण्यात. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात सांगितले, तर तेच अस्वल लोकांच्या मनात येत राहिले. दडपलेला विचार उसळतो. भीती ओळखणे, सोसणे, निवू देणे हे मूल मोठ्यांच्या कुशीत शिकते. मारझोड, हेटाळणी वा वियोग वाट्याला आला, तर हे शिक्षण अपुरे राहू शकते. मग ठरावीक कृतीचाच आधार वाटतो. बालपणीचे आघात व ही लक्षणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तथापि आघात हे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकतेचाही वाटा असतो. सुखी घरातही हा विकार होतो.

पुढे आईने मला सांगितले. आत्या नऊ वर्षांची असताना तिचा धाकटा भाऊ विहिरीत पडून गेला. "दार तूच उघडे ठेवलेस," असे तिला कोणीतरी म्हटले होते. तिला जवळ घेऊन रडू मात्र कोणी दिले नाही. तिच्या विकाराचे हेच कारण, असे मी म्हणणार नाही. पण ती कडी मला तेव्हापासून वेगळी दिसू लागली.

या विकारावर उपाय आहेत. भीतीला हळूहळू सामोरे जायचे, पण कृती करायची नाही, ही पद्धत मेयर यांनी १९६६ साली मांडली. औषधांचाही उपयोग होतो. पेडणे-डिचोलीच्या लोकांना बांबोळीची मानसोपचार संस्था दूर नाही. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनेही सल्ला मिळतो.

आत्या आता नाही. तिला एवढेच विचारायचे राहून गेले, "आत्ये, कसली गो भीती वाटते?"