बाळ बघायचंय? उंबऱ्याबाहेरून बघा

एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात खाटा मिळेनाशा झाल्या होत्या, तेव्हा माझी भाची येरवड्यात माहेरी बाळंत झाली. ताप नाही, खोकला नाही, पण दाखल होताना केलेली कोरोना चाचणी पॉझिटिव्ह. त्या खासगी प्रसूतिगृहाने बाळ जन्मताच दुसऱ्या खोलीत नेलं आणि पावडरचं दूध सुरू केलं. ‘‘अंगावर पाजलं तर बाळाला होईल,’’ सिस्टरांनी निकाल दिला. चीक वाया गेला. पोरगी भरलेली छाती घेऊन रडत बसली.

वर उदाहरण दिलं पुण्याच्या ससून रुग्णालयाचं. २०२० मध्ये तिथे एक मुलगी कोरोना घेऊनच जन्मली होती. आईला प्रसूतीआधी ताप होता, पण तिची चाचणी निगेटिव्ह. वार, नाळ आणि बाळाच्या नाकातला नमुना मात्र पॉझिटिव्ह. बालरोग विभागप्रमुख डॉ. आरती किणीकर यांनी ती केस जगापुढे मांडली. पण तो संसर्ग पोटात असतानाच वारेतून झालेला! जन्मल्यावर बाळ उचलून नेऊन तो थांबतो कसा? शिवाय त्या मायलेकी बऱ्या होऊन घरी गेल्या, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २०२० पासून स्पष्ट होता: आईने मास्क लावावा, हात धुवावेत आणि बाळाला पाजावं.

‘लस का नाही घेतली?’ हेही ऐकून झालं. घेणार कशी? स्तनदा मातांना परवानगी मिळाली १९ मे २०२१ला, गर्भवतींना २ जुलैला.

आणि खरा धोका मात्र घरी, पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. भाचीच्या आत्तेसासूबाई. मास्क हनुवटीवर, नाक लाल. माझ्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, दारात अडवलं तर म्हणाल्या, ‘‘अहो विहीणबाई, साधी सर्दी आहे. बाळाचं तोंड बघायला आता टेस्ट करून यायचं का?’’ आणि सरळ पाळण्याकडे निघाल्या! तेव्हा लख्ख कळलं: ज्या आईला दवाखान्याने बाळापासून तोडलं, ती घरात सगळ्यांत जास्त जपत होती, आणि जिला कुणी काही विचारलं नव्हतं, ती मुका घ्यायला वाकली होती. ताई मध्ये उभी राहिली. एरवी सोयर पाळा म्हणून दहा दिवस देवाला हात लावू न देणारी हीच मंडळी.

म्हणून सांगते. प्रसूतिगृहात नाव नोंदवतानाच विचारा, आई पॉझिटिव्ह निघाली तर बाळ तिच्याजवळ ठेवणार का, आणि वरचं दूध कोणाच्या सांगण्यावरून देणार. आईला पाजण्याइतकं बळ नसेल तर दूध काढून स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावं, बाटली नको. दर वेळी छाती धूत बसायची गरज नाही, त्यावर खोकला उडाला असेल तरच. तान्ह्या बाळाला मास्क कधीही लावू नका. वस्तीतल्या एका खोलीत ‘वेगळं राहा’ म्हणणं सोपं, करणं अवघड. तिथे निदान बाळंतिणीचं करणारं माणूस एकच ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि सार्वजनिक संडासातून आलेल्याने साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. आराम, चौरस आहार वगैरे सगळे सांगतातच.

बाळाच्या कौतुकात बाळंतीण विसरली जाते. मुंबईच्या नायर रुग्णालयासोबत झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात, कोरोना झालेल्या गर्भवती आणि बाळंतिणींमधलं मृत्यूचं प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होतं, दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के. म्हणून पॉझिटिव्ह बाळंतिणीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा. आकडा ९५च्या खाली गेला तर सकाळची वाट पाहू नका. बाळ दूध ओढेनासं झालं, मिनिटाला साठहून जास्त श्वास घेऊ लागलं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर तसंच निघा.

आत्तेसासूबाई अजून सांगत फिरतात, येरवड्यात आपल्याला चहासुद्धा विचारला नाही. विचारला होता. बाहेरच्या खुर्चीवर बसून प्यायला त्याच तयार नव्हत्या.