हरवलेली किल्ली

आमच्या रात्रीच्या वर्गाला घाटकोपरचे एक मोटारचालक येतात. मुलुंडच्या एका कुटुंबाची मोटार ते चालवतात. गेल्या पावसाळ्यात एके रात्री ते आले, पण वही उघडीनात. आम्ही विचारले, "काय झाले?" ते म्हणाले, "मास्तर, आज नोकरी जायचीच वेळ आली होती."

झाले असे. सकाळी लोकलच्या गर्दीत त्यांच्या खिशातून मोटारीची किल्ली पडली. मुलुंडला उतरल्यावर ते ध्यानात आले. पण ते घाबरले नाहीत. फुटपाथवरच्या चावीवाल्याकडून त्यांनी एक जादा किल्ली मागेच करून घेतली होती. ती पाकिटात होती. ते मनाशी म्हणाले, 'साहेबांना कशाला सांगायचे? काम तर भागले!'

साडेनऊला साहेबांच्या आईंना डायलिसिससाठी इस्पितळात न्यायचे होते. नव्या किल्लीने दार उघडले. आजीबाई आत बसल्या. चालकाने किल्ली फिरवली. इंजिन घरघरले आणि थांबले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोर किल्लीचे चित्र असलेला एक लहान दिवा मात्र लुकलुकत होता. वीस मिनिटे अशीच गेली. शेवटी त्यांनी साहेबांना खरे ते सांगितले. साहेबांनी कपाटातली दुसरी मूळ किल्ली दिली. गाडी लगेच सुरू झाली. पण आजीबाईंना पोचायला अर्धा तास उशीर झाला.

"मास्तर, चावी कुलपात बरोबर बसली. दारही उघडले. मग इंजिनाने का ऐकले नाही?"

प्रश्न चांगला आहे. आपण त्याचे उत्तर पाहू.

जुनी किल्ली

मुंबईत पूर्वी पद्मिनी गाडीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. त्या गाडीची किल्ली म्हणजे नुसता धातूचा तुकडा. कुलपाच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. किल्लीचे दाते बरोबर असले, की सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरते. चावीवाला कोऱ्या किल्लीवर कानशीने तसेच दाते पाडतो. झाली नवी किल्ली! सोय मोठी, पण चोरालाही तीच सोय. शिवाय चोर किल्लीवाचून, तारा जोडूनही, तसली गाडी पळवीत.

नवी किल्ली

पूर्वी गडाच्या दरवाजावर पहारेकरी असे. रात्री येणाऱ्याला तो परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर आला तरच आत घेई. नव्या मोटारीत असाच एक पहारेकरी बसवलेला असतो. त्याला इमोबिलायझर म्हणतात.

मूळ किल्लीच्या काळ्या मुठीत एक बारीक चिप असते. ती तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. कुलपाभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली आत घातली, की वेटोळ्यातून चिपला थोडी शक्ती मिळते आणि चिप आपला परवलीचा शब्द सांगते. मोटारीतला लहान संगणक तो तपासतो. शब्द जुळला तर इंजिन चालते. नाही जुळला तर इंजिन चालत नाही आणि दिवा लुकलुकतो.

घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रोचे कार्ड तुम्ही पाहिले असेल. त्यातही बॅटरी नसते. यंत्राजवळ धरले, की यंत्राच्याच शक्तीवर ते बोलते. किल्लीतली चिप तशीच.

आता आमच्या चालकाचे कोडे सुटले. चावीवाल्याने दाते बरोबर पाडले होते. म्हणून दार उघडले. पण त्या किल्लीला परवलीचा शब्द ठाऊक नव्हता. यात चावीवाल्याच्या हाताचा दोष नाही.

दूरवरून दार उघडायच्या बटनाला मात्र बॅटरी लागते. ती संपली तर बटन चालत नाही. पण किल्ली कुलपात घातल्यावर इंजिन चालते. बटन दाबून सुरू होणाऱ्या गाडीत, बॅटरी संपली तर किल्ली बटनाजवळ किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी धरावी.

जर्मनीत 1998 पासून नव्या मोटारींना असा पहारेकरी सक्तीचा झाला. कॅनडात 2007 पासून. पण चोरही शिकतात. काही गाड्या किल्ली नुसती खिशात असली तरी उघडतात. तेथे दोघे चोर मिळून येतात. एक यंत्र घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा मोटारीपाशी. घरातल्या किल्लीचा संदेश ते मोटारीपर्यंत पोचवतात. म्हणून अशी किल्ली दाराजवळच्या खुंटीला टांगू नये. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, दारापासून दूर ठेवावी.

किल्ली हरवली तर काय करावे?

1. आधी मालकाला सांगावे. नवी किल्ली करताना कंपनीचे दुकान नोंदणीपुस्तक आणि मालकाचे ओळखपत्र मागते. तेव्हा लपवून काही साधत नाही.

2. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ती घरबसल्या करता येते. नोंदीचा कागद जपून ठेवावा.

3. विमा कंपनीला लेखी कळवावे. पुढे गाडी चोरीला गेली, तर भरपाईच्या वेळी कंपनी बहुधा दोन्ही किल्ल्या मागते. एकच दाखवली आणि दुसरीची कोठे नोंद नसली, तर भरपाई अडू शकते. काही विम्यांत नव्या किल्लीचा खर्चही मिळतो, तेही विचारावे.

4. नव्या किल्लीची ओळख गाडीच्या संगणकाला करून द्यावी लागते. त्याच वेळी हरवलेल्या किल्लीची ओळख पुसून घ्यावी. मग ती कोणाला सापडली तरी इंजिन चालणार नाही. पण तिचे दाते दार उघडतील. म्हणून कुलपे बदलेपर्यंत गाडीत पैसे-कागद ठेवू नयेत.

5. किल्लीबरोबर मिळालेल्या धातूच्या बिल्ल्यावर अंक-अक्षरे असतील, तर तो किल्लीच्या जुडग्यात ठेवू नये. त्या क्रमांकावरून किल्ली करता येते. तो घरात जपावा.

दोन्ही किल्ल्या हरवल्या तर त्रास फार. गाडीचे चाक कुलपात अडकलेले असते. ती ढकलून नेता येत नाही. उचलून न्यावी लागते. म्हणून एक किल्ली उरली असतानाच दुसरी करून घ्यावी. चिपची किल्ली स्वस्त नसते. तिला हजारांनी रुपये पडतात.

पुढे काय झाले?

साहेब रागावले, पण किल्ली हरवली म्हणून नव्हे. ते म्हणाले, "आई गाडीत बसायच्या आधीच का नाही सांगितलेत?" यावर चालकापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांच्याकडे लेखी हकीकत मागितली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी अंगठा उठवला असता. या वेळी त्यांनी वहीचा कागद घेतला आणि लिहिले:

"साहेबांस नमस्कार. काल सकाळी लोकलमध्ये गाडीची किल्ली माझ्या खिशातून पडली. मी लगेच सांगितले नाही, ही माझी चूक झाली. पुन्हा असे होणार नाही."

खाली स्वतःची सही केली. नोकरी राहिली. आजीबाईंना ते आजही वेळेवर नेतात.

प्रश्न

1. नव्या किल्लीने दार उघडले. पण इंजिन का चालले नाही?
2. हरवलेल्या किल्लीची ओळख का पुसून घ्यावी?
3. चालकाची खरी चूक कोणती?
4. तुमची एखादी वस्तू हरवली आहे असे समजून चार ओळींची हकीकत लिहा. तारीख व सही विसरू नका.