मधल्या वेळचे खाणे : घरातील सर्वांसाठी

(इयत्ता ४ थी व ५ वी. विषय : आरोग्य व परिसर. तासिका : २)

दोन जेवणांमध्ये पाच-सहा तासांचे अंतर पडले म्हणजे लहानथोरांस भूक लागते. ही भूक खोटी नव्हे. मुलाचे पोट लहान असते. त्यात एका वेळी फार अन्न मावत नाही, परंतु शरीर वाढीस लागलेले असल्यामुळे त्याची गरज मोठी असते. वृद्धाची भूक मंदावलेली असते, म्हणून त्यालाही एका बैठकीत पुरेसे जेवण जात नाही. अशा वेळी जे थोडेसे खाल्ले जाते, त्याने जेवणातील उणीव भरून निघते की उलट जेवणाचीच भूक मरते, यावर त्या खाण्याची योग्यता ठरते. प्रस्तुत पाठाचे सूत्र एवढेच आहे.

आज लहानशा खेड्यातील दुकानातही रंगीत पुड्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात. त्यांतील पदार्थांत पीठ, तेल व मीठ भरपूर. शरीर बांधणारे घटक मात्र अल्प. पोट भरते आणि पोषण होत नाही. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी ६७ बालकांत, आणि १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानात येईल. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त स्निग्धांश, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियमही केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सन २०२० मध्ये केला आहे. परंतु नियमाने दुकान दूर जाईल, मुलाची आवड बदलणार नाही. ते कार्य शिक्षकाचे आहे.

पाठाचे हेतू

१. मधल्या वेळचे खाणे कशासाठी असते, हे मुलांस समजावे.
२. गावात व घरात सहज मिळणारे पौष्टिक पदार्थ त्यांनी ओळखावेत.
३. पुडीवरील मजकूर वाचण्याची सवय लागावी.
४. घरातील प्रत्येकाच्या वयाप्रमाणे खाणे वेगळे असावे लागते, याची जाणीव व्हावी.

साहित्य

भाजलेले शेंगदाणे, फुटाणे व चुरमुरे प्रत्येकी मूठभर, गुळाचा खडा, मोड आलेली मटकी, ऋतुमानाप्रमाणे मिळणारे एखादे फळ, खाऊच्या दोन-तीन रिकाम्या पुड्या, गोड पेयाची रिकामी बाटली, साखर, चमचा व काचेचा पेला.

पहिली तासिका

प्रारंभी शिक्षकांनी साधे प्रश्न विचारावेत : शेतावर गेलेल्या माणसाबरोबर काय बांधून देतात? नागपंचमीला कशाच्या लाह्या होतात? हुरडा कोणत्या दिवसांत मिळतो? मुलांच्या उत्तरांतून फळ्यावर एक यादी तयार होईल. कोकणातील शाळेत तीत फणसाच्या भाजलेल्या आठळ्या येतील, तर विदर्भ-खानदेशात सातूचे पीठ येईल. देशावर हरभऱ्याचे डहाळे, बोरे व ज्वारीच्या लाह्या येतील. यादी मुलांच्याच तोंडून यावी. शिक्षकांनी ती आयती लिहून देऊ नये.

यानंतर दोन कृती घ्याव्यात.

पहिली कृती साखरेची. गोड, फसफसणाऱ्या पेयांत सामान्यतः १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. बाटलीवरील आकडा एका मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावा. २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर भरेल. एका चमच्यात ५ ग्रॅम साखर मावते असे धरून पाच चमचे साखर पेल्यात घालून दाखवावी. पेल्यातील तो ढीग पाहिल्यावर व्याख्यानाची गरज उरत नाही.

दुसरी कृती हिशेबाची. पुडीवर वजन व किंमत दोन्ही छापलेली असतात. समजा, १० रुपयांच्या पुडीत २० ग्रॅम खाऊ आहे. तर एक किलो खाऊ केवढ्यास पडला? मुले उत्तर काढतील : ५०० रुपयांस. मग गावच्या दुकानातील फुटाण्यांचा व शेंगदाण्यांचा भाव विचारून येण्यास सांगावे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात; म्हणजे ३० ग्रॅमच्या एका मुठीत सात ग्रॅमहून अधिक. फुटाणेही यात फारसे मागे नाहीत. चुरमुरे हलके, त्यांत प्रथिने थोडी, म्हणून ते एकटे न खाता फुटाण्या-शेंगदाण्यांबरोबर खावेत. धान्य व कडधान्य एकत्र आले म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाजणीच्या थालीपिठात हेच साधलेले आहे.

येथे एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, ‘गुरुजी, तेल तर शेंगदाण्यातही असते ना?’ प्रश्न योग्य आहे. शेंगदाण्यातील तेलाबरोबर प्रथिने व इतर पोषक द्रव्ये येतात. तळलेल्या खाऊत तेल व मीठ येते, बाकी फारसे काही येत नाही, असा भेद स्पष्ट करावा. मूठभर दाणे पुरेत, हेही सांगावे.

दुसरी तासिका

या तासिकेत घरातील माणसे वयाप्रमाणे घ्यावीत.

पाच वर्षांच्या आतील बालक : यास अख्खा शेंगदाणा वा फुटाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतू शकते. शेंगदाण्याचे बारीक कूट गुळाबरोबर, कुस्करलेले केळे, मऊ शिजवलेली उसळ किंवा नाचणीची खीर द्यावी. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, तांदळाच्या कित्येक पट असतो. धाकट्या भावंडांस सांभाळणारी मुले वर्गात असतात. त्यांच्याकडून हा नियम वदवून घ्यावा.

शाळेत जाणारी मुले : फुटाणे-शेंगदाणे, उकडलेली रताळी, मोडाची उसळ, पेरू, बोरे, उकडलेले अंडे. फळ ताजे व धुतलेले असावे.

मोठ्या मुली, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी : यांस लोहाची गरज अधिक असते. उसळीवर लिंबू पिळल्यास किंवा बरोबर आवळा, पेरू खाल्ल्यास अन्नातील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून चहा व जेवण यांत तासाभराचे अंतर असावे. बाळंतिणीस अळिवाचे लाडू देण्याची जुनी रीत आहे. अळिवात लोह पुष्कळ असते.

कष्टकरी माणसे : भाकरी व शेंगदाण्याची चटणी, ताक, सातूचे पीठ. उन्हात काम करणाऱ्याने पाणी पुरेसे प्यावे.

वृद्ध माणसे : दात नसल्यामुळे पुष्कळ वृद्ध केवळ चहात बुडविलेल्या बिस्किटांवर दुपार काढतात. त्यांच्यासाठी नाचणीची आंबील, ताकात किंवा दुधात कालविलेले लाह्यांचे पीठ, दुधात भिजवून मऊ केलेला राजगिऱ्याचा लाडू किंवा पिकलेले फळ योग्य. मधुमेह असल्यास लाडू वर्ज्य मानावा. गुळाने साखर वाढत नाही, असा समज खेड्यांत आहे. तो चुकीचा आहे. रक्तदाब असणाऱ्याने पापड, लोणचे व फरसाण यांस आवर घालावा. प्रौढ माणसास दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नव्हे, एवढेच मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एक इशारा सर्वांसाठी : बुरशी लागलेले, काळे पडलेले वा कडू लागणारे शेंगदाणे फेकून द्यावेत. भाजल्याने त्यांतील विष पूर्णपणे जात नाही. तसेच शेंगदाणे खाऊन अंगावर पित्त उठणाऱ्या वा धाप लागणाऱ्या मुलास ते देऊ नयेत.

फळ्यावरील सारांश

भूक भागवावी, जेवण मारू नये.
धान्य, कडधान्य व फळ यांची सांगड घालावी.
पुडी घेण्याआधी ती वाचावी.
खाणाऱ्याचे वय व दात पाहून पदार्थ द्यावा.

शिक्षकांस सूचना

या पाठात एक धोका आहे. वर्गात कोणाच्या डब्यात काय आहे, कोणी पुडी आणली, कोणी काहीच आणले नाही, हे उघड करणारा एकही प्रश्न विचारू नये. एखाद्या मुलाची आई पहाटेच मजुरीस जाते आणि जाताना हातावर दहा रुपये ठेवते. त्या दहा रुपयांत तिची माया असते. ‘हा खाऊ वाईट’ असे म्हटल्यास मुलाच्या मनात ‘माझी आई वाईट’ एवढेच उरते. त्याऐवजी त्याच दहा रुपयांत काय घेता येईल, आणि आदल्या रात्री मूठभर हरभरे भिजत घातल्यास सकाळी काय तयार होते, हे दाखवावे. दुपारच्या सुट्टीत शिक्षक स्वतः काय खातात, हेही मुले पाहत असतात.

गृहपाठ

मुलांनी घरातील सर्व माणसांची नावे एकाखाली एक लिहावीत व प्रत्येकासमोर, दोन जेवणांच्या मध्ये ते माणूस काय खाते, ते लिहावे. ही वही वर्गात वाचून दाखवू नये. शिक्षकांनी ती एकट्याने पाहावी. बहुतेक वह्यांत एखाद्या नावापुढील जागा कोरी आढळण्याचा संभव आहे. ते नाव बहुधा आईचे किंवा आजीचे असेल. शिक्षकांनी तेथे लाल शाईने चूक दाखवू नये. ‘येथे उद्या काय लिहिता येईल?’ एवढाच प्रश्न त्या ओळीपुढे लिहून वही परत करावी. आठवड्याने वही पुन्हा पाहावी. ती जागा भरलेली असल्यास पाठ यशस्वी झाला असे समजावे.