बारावीचं मानसशास्त्र : सोप्या विषयाचा अवघड पेपर

अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या आवारात एक सल्ला हमखास कानावर पडतो : “सायकॉलॉजी घे, स्कोअरिंग आहे.” सल्ला देणारा बहुतेक वेळा नुकतीच बारावी झालेला एखादा दादा किंवा ताई असते. गणित नाही, रसायनं नाहीत, सनावळ्यांचं ओझं नाही. स्वप्नं, स्वभाव, राग, ताण असे गप्पांचेच विषय. शेजारी फॉर्म धरून उभ्या असलेल्या आईला मात्र निराळीच काळजी असते. मार्क मिळतील हो, पण पुढे करायचं काय?

आईच्या प्रश्नाकडे नंतर वळू. आधी त्या दादाच्या सल्ल्यातली गोम पाहायला हवी. मानसशास्त्रात भरपूर मार्क मिळतात हे खरं, पण विषय ज्या कारणाने सोपा वाटतो नेमक्या त्याच कारणाने मार्क जातातही. भौतिकशास्त्राचा प्रश्न आला नाही तर तो येत नाही हे विद्यार्थ्याला लगेच कळतं. मानसशास्त्राचा प्रश्न न येणाऱ्यालाही येतोय असं वाटतं. मन सगळ्यांनाच असतं, घरात एखादे तापट काका असतातच, आणि ‘टेन्शन’ या विषयावर कुणीही दोन पानं लिहू शकतं. मग पुरवणीवर पुरवणी लागते आणि निकालात साठ-पासष्टवर गाडी अडते. “एवढं लिहून मार्क कुठे गेले?” हा सवाल या विषयात दरवर्षी ऐकू येतो.

पेपराची रचना पाहिली की थोडा उलगडा होतो. राज्य मंडळाच्या बारावीला लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० गुण लेखी पेपराबाहेरच्या कामाचे. पाठ्यपुस्तकात आठ प्रकरणं आहेत. मानसशास्त्र विज्ञान कसं ठरतं इथपासून सुरुवात होते. मग बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, अवधान-संवेदन-विचारासारख्या बोधनिक प्रक्रिया, भावना, मानसिक विकृती, मानसिक स्वास्थ्य आणि शेवटी सकारात्मक मानसशास्त्र. स्वाध्यायात प्रश्नाबरोबर शब्दमर्यादाही छापलेली असते. संकल्पना पंचवीस-तीस शब्दांत, टीप पन्नास-साठ शब्दांत, सविस्तर उत्तर दीडशे-दोनशे शब्दांत. ही मर्यादा शोभेची नाही. पंचवीस शब्दांत व्याख्या आणि एक उदाहरण बसवायचं म्हणजे प्रस्तावनेला जागाच उरत नाही. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ हे मराठी उत्तरपत्रिकांचं लाडकं वाक्य इथे नुसतं शब्द खातं.

सीबीएसईत गणित थोडं वेगळं. लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०. सात प्रकरणांपैकी बुद्धिमत्तेसह मानसिक गुणविशेषांतले फरक, स्व आणि व्यक्तिमत्त्व, आणि मानसिक विकृती या तिघांना गेल्या काही वर्षांच्या आराखड्यात अनुक्रमे १३, १३ आणि १२ गुण आहेत. म्हणजे तीन प्रकरणांतच ३८ गुण, निम्म्याहून जास्त. दोन्ही मंडळांत गाभा साधारण सारखाच, त्यामुळे पुढचं बोलणं दोन्हीकडच्या मुलांना लागू आहे.

खरी परीक्षा होते ती प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांत. असा एक प्रसंग घेऊ. ‘अठरा वर्षांची रेवती रात्री झोपण्यापूर्वी गॅस बंद आहे ना, हे पंधरा-वीस वेळा जाऊन पाहते. तो बंद आहे हे तिला कळतं, तरी पाहिलं नाही तर घराला आग लागेल हा विचार डोक्यातून जात नाही. पाहून आलं की थोडा वेळ बरं वाटतं.’ यावर सर्रास येणारं उत्तर असं : रेवतीला खूप टेन्शन आहे, ती नकारात्मक विचार करते, तिने मन खंबीर करावं, योगासनं करावीत, पालकांनी तिला समजून घ्यावं. वाक्य न् वाक्य चांगल्या मनाचं, पण गुण देण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही.

आता दुसरं उत्तर. रेवतीची लक्षणं ओसीडीची, म्हणजे बोलीभाषेत ज्याला मंत्रचळ म्हणतात त्याची, आहेत. आग लागेल हा पुन्हा पुन्हा येणारा, नकोसा विचार ही एक बाजू; तो विचार शमवण्यासाठी करावीच लागणारी तपासणी ही दुसरी. ‘बंद आहे हे तिला कळतं’ यावरून आपली कृती अवाजवी असल्याची तिला जाणीव आहे हे दिसतं. ‘थोडा वेळ बरं वाटतं’ या शब्दांत विकार टिकून राहण्याचं कारण दडलंय : तपासल्यावर अस्वस्थता कमी होते, म्हणून तपासण्याची सवय अधिक घट्ट होते. हे ऋण प्रबलन. उपचारात रुग्णाला त्या भीतीला थोडं थोडं सामोरं जायला लावतात आणि तपासण्यापासून मात्र थांबवतात. झालं उत्तर. पहिल्यापेक्षा फार मोठं नाही, पण प्रसंगातला प्रत्येक तपशील कुठल्या ना कुठल्या संज्ञेला बांधलेला आहे. तपासणाऱ्याची पेन्सिल टिकमार्कासाठी असलीच जागा शोधत असते.

याच उत्तरात दोन सापळेही आहेत. ओसीडीला चिंताविकृतींच्या गटात टाकणारी जुनी गाईडं अजून रद्दीच्या दुकानांतून आणि मोठ्या भावंडांच्या कपाटांतून फिरत असतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत, डीएसएम-५ मध्ये, ओसीडीला स्वतंत्र गट मिळाला. दुसरा सापळा ऋण प्रबलनाचा. ‘ऋण’ दिसलं की निम्मा वर्ग ते शिक्षेशी जोडतो. खरं तर नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन वाढतं ते ऋण प्रबलन; शिक्षेने वर्तन कमी होतं. सीटबेल्ट लावला की गाडीची पीं-पीं थांबते, म्हणून माणूस पुढच्या वेळी आधीच बेल्ट लावतो. हे उदाहरण पक्कं बसलं की ‘फरक स्पष्ट करा’चा एक प्रश्न खिशात.

स्किझोफ्रेनियाचंही तसंच. चित्रपटांच्या कृपेने कित्येक मुलं त्याला दुभंग व्यक्तिमत्त्व समजतात. एका माणसात दोन-तीन व्यक्तिमत्त्वं वावरणं हा वेगळा विकार, आणि स्किझोफ्रेनियातले भास, भ्रम, विस्कळीत विचार हे वेगळं प्रकरण. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ एकदा वही घेऊन पाहावा. अतुल कुलकर्णींनी उभ्या केलेल्या शेषमध्ये पुस्तकातली कोणती लक्षणं दिसतात, याची यादी करण्यात गेलेली संध्याकाळ एखाद्या प्रश्नसंचापेक्षा जास्त शिकवून जाते.

आता अभ्यास कसा करायचा. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने रट्टा मारावा यासारखा विनोद नाही, कारण रट्टा का चालत नाही हे याच शास्त्राने दाखवलंय. अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक पालकाने वाचावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पुन्हा घेतली तर चित्र पालटलं : वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी की, आपल्या लक्षात चांगलं राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती! प्रिलिमच्या आदल्या रात्री “सगळं वाचून झालंय” म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं.

तेव्हा एक प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा आणि आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तोच कागद दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. लाल शाई कमी होत गेली की अभ्यास होतोय असं समजावं. ती तशीच राहिली तर रंगीत हायलायटरने अख्खं पान पिवळं करूनही उपयोग नाही. आणखी एक. एकाच प्रकरणाचे प्रश्न सलग सोडवण्याऐवजी बुद्धिमत्ता, भावना, विकृती यांतले प्रश्न मिसळून घ्यावेत, कारण पेपरात कुठला प्रश्न कुठल्या प्रकरणातला हे कुणी सांगत नाही. स्पिअरमनचे दोन घटक, थर्स्टनच्या सात प्राथमिक क्षमता, गार्डनरच्या अनेक बुद्धिमत्ता आणि स्टर्नबर्गचे तीन प्रकार यांची सरमिसळ प्रिलिमलाच होऊन गेलेली बरी.

बुद्ध्यंकाचं गणित तर फुकटचे गुण. मानसिक वय भागिले शारीरिक वय, गुणिले १००. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय बारा असेल तर १२०. तरीही वर-खाली उलटं मांडून दरवर्षी काहीजण त्याला ८३ वर आणून ठेवतात.

घरच्यांसाठी एक जुना प्रयोग आहे. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना दोन पेट्यांतली योग्य पेटी ओळखायला शिकवलं. चुकलं की विजेचा झटका. फरक ओळखायला कठीण होता तेव्हा उंदीर मध्यम झटक्यात लवकर शिकले. झटका फार वाढवला तर शिकणं रखडलं. पुढे या निष्कर्षाचा बराच विस्तार झाला आणि ताण व कामगिरी यांचं नातं उलट्या ‘यू’ अक्षरासारखं असतं, असं पुस्तकांत आलं. अगदीच निवांत असणं वाईट, आणि अति ताण त्याहून वाईट. फेब्रुवारीत जेवणाच्या ताटावर रोज शेजारच्या मुलीचे टक्के निघत असतील, तर त्या घराने झटका कुठल्या टोकाला नेऊन ठेवलाय हे समजायला पदवी लागत नाही. बाबांनी फोन बाजूला ठेवून मुलाचा तो कोरा कागद पुस्तकाशी ताडून पाहिला तर मदतही होते आणि चौकशीही होते.

प्रात्यक्षिकाकडे मात्र बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं. जर्नल म्हणजे शेवटच्या आठवड्यात मैत्रिणीचं पाहून उतरवायची वही, असा समज आहे. तोंडी परीक्षेत मग साधे प्रश्न अडवतात. ही चाचणी कशाचं मापन करते? सूचना काय दिल्यास? प्रयुक्ताची, म्हणजे चाचणी ज्याच्यावर केलीस त्याची, संमती घेतलीस का? प्रमाणित चाचणी म्हणजे काय हे कळण्यासाठी एक जवळचा इतिहास उपयोगी पडेल. फ्रान्समध्ये बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी केली. ती नुसती भाषांतरित करून भागत नाही, इथल्या मुलांवर पारखून तिचे निकष ठरवावे लागतात, हे ओळखून धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचं रूपांतर केलं. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशकं वापरात राहिली. आणि एक तंबी : शाळेतली चाचणी आत्तेभावावर करून “तुझा आयक्यू कमी आहे” असं लग्नघरात जाहीर करणं, हे मानसशास्त्राच्या नीतिनियमांत बसत नाही.

आता आईचा प्रश्न. पुढे काय?

आधी एक घोळ निस्तरू. सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस होतो, मग त्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतो, आणि औषधं लिहून देतो. सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी बारावी सायन्स लागत नाही. कला शाखेतून बी.ए., मग एम.ए. असा रस्ता आहे, पण एम.ए. झालं की पाटी लावता येते हा गैरसमज. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव, दोन्ही हवं. अनेक वर्षं हा मार्ग एम.फिल.मधून जायचा, नव्या शैक्षणिक धोरणानंतर या अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे. त्यामुळे प्रवेश घेताना त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहावं. माहितीपुस्तिकेवर विसंबू नये.

घरबसल्या पदवी घेण्याचा विचार असेल तर आणखी सावध राहावं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे नवे प्रवेश देण्यास मनाई केली आहे. जाहिरात काहीही म्हणो, फी भरण्याआधी हे लक्षात असू द्यावं.

काम आहे का? बेंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण निष्कर्ष इथल्यांना अनोळखी वाटणार नाहीत. निरनिराळ्या विकारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. गरज प्रचंड आहे. मात्र गरज म्हणजे लगेच पगार नव्हे, हेही पालकांना सांगायला हवं. समुपदेशकाची सुरुवातीची काही वर्षं मिळकतीच्या दृष्टीने बेताची असतात. शाळांतलं समुपदेशन, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग, कलचाचणीचं काम, विशेष मुलांसाठीच्या संस्था अशा वाटा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेली ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था किंवा पुण्याची ज्ञानप्रबोधिनी यांसारख्या संस्थांचं काम सुट्टीत जवळून पाहिलं तर हे क्षेत्र आपल्याला मानवतं का, याचा अंदाज पदवीला जाण्याआधीच येतो.

दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी बी.ए. मानसशास्त्राला जायचं असेल तर बारावीच्या टक्क्यांवर भागत नाही, सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्या विषययादीत मानसशास्त्र आहे आणि प्रश्न सगळे बहुपर्यायी. बोर्डासाठी केलेली ‘फरक स्पष्ट करा’ची तयारी तिथे थेट कामी येते, कारण चारांतले दोन पर्याय बहुधा एकमेकांच्या जवळचेच असतात. अर्जाच्या तारखा बोर्डाच्या परीक्षेच्या धांदलीत निघून जातात, तेव्हा कॅलेंडर जानेवारीपासूनच डोळ्यांसमोर ठेवावं.